अमेरिकेतल्या सरकारी शाळांमधला वर्णभेद कायद्याने कसा संपला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी, नागरिकशास्त्र शिकवणारे शिक्षक आणि अमेरिकेत मुलांना शाळेत घातलेले मराठी पालक यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. जिथे उत्तर दुसऱ्या प्रश्नात आलं आहे, तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. या पानावर ‘सरकारी शाळा’ म्हणजे करांच्या पैशावर चालणारी, फी न घेणारी शाळा.

१. एका वाक्यात सांगा, हा वर्णभेद कधी संपला?

परीक्षेत विचारलं तर १७ मे १९५४ लिहा. त्या दिवशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन विरुद्ध टोपेका शिक्षण मंडळ’ या खटल्यात, वर्णावरून मुलांना वेगळ्या सरकारी शाळेत बसवणं घटनाबाह्य ठरवलं. पण दक्षिणेतल्या बहुतेक कृष्णवर्णीय मुलांच्या वर्गात त्या दिवशी काहीच बदललं नाही, पुढची दहा वर्षंही फारसं बदललं नाही. आमच्या मते खरा शेवट १९६८ ते १९७१ या काळात झाला. त्याचं कारण ११ आणि १२ या प्रश्नांत आहे.

२. १९५४ च्या आधी कायदा काय म्हणत होता?

गुलामगिरी संपल्यावर १८६८ मध्ये १४वी घटनादुरुस्ती झाली. कोणत्याही राज्याने कुणालाही कायद्याचं समान संरक्षण नाकारू नये, असं तिच्यात आहे. मात्र १८९६ मध्ये ‘प्लेसी विरुद्ध फर्ग्युसन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पळवाट काढून दिली: सोयी वेगळ्या असल्या तरी समान असतील तर हरकत नाही. खटला लुइझियानातल्या रेल्वेच्या डब्यांचा होता, पण त्याचा आधार पुढे शाळांसाठीही घेतला गेला. न्यायाधीश जॉन मार्शल हार्लन यांनी एकट्याने विरोधी मत नोंदवलं. आपली राज्यघटना रंग पाहत नाही, असं त्यांनी लिहिलं.

१९५४ साली १७ राज्यांत आणि राजधानी वॉशिंग्टनमध्ये वेगळ्या शाळा सक्तीच्या होत्या. आणखी चार राज्यांत स्थानिक मंडळाला तशी मुभा होती. कॅन्सस त्यांतलं एक. तिथे १५ हजारांहून जास्त वस्तीच्या शहरांना प्राथमिक शाळा वेगळ्या ठेवता येत. ‘समान’ हा शब्द बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिला. साउथ कॅरोलिनाच्या क्लॅरेंडन काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा राज्याचा विभाग) १९४९-५० मध्ये गोऱ्या मुलामागे वर्षाला १७९ डॉलर खर्च व्हायचे, कृष्णवर्णीय मुलामागे ४३.

३. ब्राउन म्हणजे कोण? खटला त्यांच्या एकट्याचा होता का?

ऑलिव्हर ब्राउन कॅन्ससमधल्या टोपेका शहरात रेल्वे कारखान्यात वेल्डर होते आणि चर्चमध्ये साहाय्यक धर्मोपदेशक. त्यांची मुलगी लिंडा तिसरीत होती. गोऱ्यांची समनर शाळा घरापासून सात चौकांवर, पण तिला रेल्वेचे रूळ ओलांडून, पुढे बस पकडून सुमारे मैलभर लांबच्या मन्रो शाळेत जावं लागे. टोपेकात १३ पालकांनी २० मुलांच्या वतीने दावा केला होता; ब्राउन त्यांपैकी एक.

आणि टोपेकाचा दावा हाही पाचांपैकी एकच. बाकीचे चार साउथ कॅरोलिना, व्हर्जिनिया, डेलावेअर आणि राजधानी वॉशिंग्टनमधले. न्यायालयाने कॅन्ससचं प्रकरण यादीत पहिलं ठेवलं, म्हणून नाव ब्राउन यांचं झालं. हा प्रश्न फक्त दक्षिणेचा आहे असं वाटू नये, हा त्यामागचा हेतू होता, असं न्यायाधीश टॉम क्लार्क यांनी पुढे सांगितलं.

खरं तर साउथ कॅरोलिनाचं प्रकरण जास्त जुनं आणि जास्त महागात पडलेलं. सुरुवात एका साध्या मागणीने झाली: गोऱ्या मुलांना शाळेची बस आहे, आमच्या मुलांनाही द्या. मंडळाने नकार दिला. मग दावा दाखल झाला, आणि ज्यांचं नाव दाव्यात पहिलं होतं त्या हॅरी ब्रिग्ज यांची पेट्रोल पंपावरची नोकरी गेली. पालकांना एकत्र आणणारे धर्मोपदेशक जोसेफ डिलेन यांचं चर्च जाळण्यात आलं.

व्हर्जिनियात तर मुलांनीच सुरुवात केली. फार्मव्हिलच्या मोटन हायस्कूलमध्ये १८० विद्यार्थ्यांची सोय आणि साडेचारशेच्या आसपास मुलं. उरलेली डांबरी कागद ठोकलेल्या तात्पुरत्या खोल्यांत बसत. २३ एप्रिल १९५१ रोजी सोळा वर्षांच्या बार्बरा जॉन्सने सगळ्यांना सभागृहात गोळा केलं आणि संप पुकारला. मुलांची मागणी नव्या इमारतीची होती. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेच्या वकिलांनी अट घातली: इमारतीसाठी भांडायचं नाही, वेगळ्या शाळाच नकोत म्हणून भांडायचं असेल तर आम्ही येतो. मुलं आणि पालक तयार झाले.

४. म्हणजे लिंडाची शाळा मोडकळीला आलेली होती का?

नाही, आणि हाच मुद्दा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. टोपेकाच्या दोन्ही प्रकारच्या शाळा इमारत, अभ्यासक्रम, शिक्षकांची पात्रता यांत साधारण सारख्याच आहेत, असं खालच्या न्यायालयाने स्पष्ट नोंदवलं होतं. शाळा वाईट असती तर न्यायालय “ती सुधारा” म्हणून मोकळं झालं असतं. इथे सुधारायला काही नव्हतंच. त्यामुळे प्रश्न उघडा पडला: सगळं सारखं असूनही केवळ वर्णावरून वेगळं बसवणं हीच विषमता आहे का? न्यायालयाने “आहे” असं उत्तर दिलं. वेगळ्या शैक्षणिक सोयी मुळातच असमान असतात, हे निकालातलं गाजलेलं वाक्य याच मुद्द्यावरचं आहे.

५. निकाल बाहुल्यांच्या प्रयोगावर लागला, असं पुस्तकात वाचलं. खरं आहे?

अर्धवट. केनेथ आणि मेमी क्लार्क हे मानसशास्त्रज्ञ दांपत्य लहान मुलांसमोर काळ्या आणि गोऱ्या रंगाच्या बाहुल्या ठेवून ‘चांगली कोणती’ असं विचारत. बरीच कृष्णवर्णीय मुलंही गोरी बाहुली दाखवत. हा पुरावा खटल्यात मांडला गेला. निकालात अशा संशोधनाचा उल्लेख आहे, पण तो ११ व्या तळटीपेत. प्रयोग चटकन समजतो आणि सांगायला सोपा जातो, म्हणून पाठ्यपुस्तकांनी त्यालाच नायक केलं. निकाल उभा आहे तो समान संरक्षणाच्या तत्त्वावर.

६. वकिलांनी प्लेसीवर आधीच हल्ला का केला नाही? १८९६ ते १९५४ म्हणजे ५८ वर्षं!

कारण थेट धडक देऊन हरले असते तर तोच निकाल आणखी घट्ट झाला असता. एनएएसीपीचे वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन आणि त्यांचे शिष्य थर्गुड मार्शल यांनी आधी उच्च शिक्षण धरलं. एखाद्या राज्यात कृष्णवर्णीयांसाठी प्राथमिक शाळा काढता येते, पण स्वतंत्र विधी महाविद्यालय कुठून आणणार? १९३८ मध्ये मिसुरीविरुद्ध ते जिंकले.

१९५० मध्ये एकाच दिवशी दोन निकाल आले. टेक्सासने एका विद्यार्थ्यासाठी घाईघाईने वेगळं विधी महाविद्यालय उभं केलं होतं. प्राध्यापकांची ख्याती, माजी विद्यार्थ्यांचं वजन या मोजता न येणाऱ्या गोष्टींत ते बरोबरीचं नाही, असं न्यायालय म्हणालं. ओक्लाहोमाने विद्यार्थ्याला प्रवेश दिला, पण वर्गात, ग्रंथालयात आणि उपाहारगृहात वेगळं बसवलं. तेही अमान्य झालं. प्लेसी निकाल तसाच राहिला, पण त्याला धरून उभं राहणं राज्यांना अवघड झालं. ह्यूस्टन त्याच वर्षी वारले. ब्राउनचा निकाल त्यांना पाहता आला नाही.

७. नऊच्या नऊ न्यायाधीशांचं एकमत कसं झालं?

डिसेंबर १९५२ मध्ये युक्तिवाद झाले तेव्हा एकमत नव्हतं, म्हणून फेरसुनावणी ठरली. सप्टेंबर १९५३ मध्ये सरन्यायाधीश फ्रेड व्हिन्सन अचानक वारले आणि राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर अर्ल वॉरन यांना आणलं. वॉरन मुरलेले राजकारणी. फुटका निकाल दिला तर दक्षिणेला विरोधी मताचं हत्यार मिळेल, हे त्यांनी ओळखलं आणि एकेकाशी बोलत राहिले. केंटकीचे स्टॅन्ली रीड सगळ्यांत शेवटी राजी झाले. रॉबर्ट जॅक्सन हृदयविकाराच्या झटक्याने रुग्णालयात होते. निकालाच्या दिवशी तिथून उठून येऊन पीठावर बसले. निकाल मुद्दाम छोटा आणि सामान्य माणसाला कळेल असा लिहिला गेला, दोषारोप टाळून.

८. राजधानी वॉशिंग्टनचा निकाल वेगळा का दिला?

१४वी घटनादुरुस्ती राज्यांना बांधते, आणि राजधानी हे राज्य नाही. म्हणून त्याच दिवशी ‘बोलिंग विरुद्ध शार्प’ या वेगळ्या निकालात पाचव्या घटनादुरुस्तीचा आधार घेतला गेला. राज्यांना जे मना आहे ते केंद्र सरकारला चालतं, असं मानणं अकल्पनीय आहे, असं वॉरन यांनी लिहिलं.

९. निकाल लागला, मग शाळा लगेच एकत्र का झाल्या नाहीत?

काही ठिकाणी झाल्या. वॉशिंग्टन, बाल्टिमोर इथे त्याच वर्षी सुरुवात झाली. टोपेकाच्या मंडळाने तर निकालाआधीच, सप्टेंबर १९५३ मध्ये वेगळ्या शाळा बंद करायचं ठरवलं होतं.

पण १९५४ च्या निकालात अंमलबजावणीबद्दल काहीच नव्हतं. ते ३१ मे १९५५ च्या दुसऱ्या निकालात आलं. त्यात मुदत नाही. सगळ्या बाबींचा विचार करून शक्य त्या वेगाने, एवढंच. देखरेख स्थानिक फेडरल (केंद्राच्या) न्यायालयांकडे सोपवली. आमचं मत विचाराल तर या दुसऱ्या निकालाने पहिल्याची हवा काढून घेतली. हक्क आजपासून तुमचा, पण मिळेल सवडीने, असं मुलांना सांगण्यात आलं. शिवाय प्रत्येक शाळा-जिल्ह्यात (म्हणजे एका शाळामंडळाच्या हद्दीत) नवा दावा करायचा कुणी? त्याच कृष्णवर्णीय पालकांनी, ज्यांची नोकरी आणि कर्ज गावातल्या गोऱ्यांच्या हातात होतं.

मार्च १९५६ मध्ये अमेरिकी संसदेतल्या (काँग्रेसमधल्या) दक्षिणेच्या १०१ सदस्यांनी निकालाला विरोध करणारा जाहीरनामा काढला. पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये आर्कन्सॉच्या गव्हर्नरांनी, ऑर्व्हल फॉबस यांनी, लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये प्रवेश मिळालेल्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवायला नॅशनल गार्ड हे राज्याचं राखीव सैन्यदल उभं केलं. अखेर आयझेनहॉवर यांनी १०१ व्या हवाई डिव्हिजनचे सैनिक पाठवले आणि मुलं संगिनींच्या पहाऱ्यात आत गेली. १९५८ मध्ये न्यायालयाने बजावलं की राज्यांना हा निकाल पाळावाच लागेल. त्यावर नऊही न्यायाधीशांनी आपापली नावं घातली. फॉबस यांचं उत्तर: १९५८-५९ चं पूर्ण वर्ष शहरातली सरकारी हायस्कूलं बंद.

१०. “एकत्र बसवायला सांगता? मग शाळाच बंद करतो.” हे कायद्यात बसतं का?

व्हर्जिनियाच्या प्रिन्स एडवर्ड काउंटीने हे करून पाहिलं. बार्बरा जॉन्सची शाळा याच काउंटीतली (प्रश्न ३). १९५९ मध्ये तिथल्या सगळ्या सरकारी शाळांना कुलूप लागलं. गोऱ्यांसाठी खासगी अकादमी निघाली आणि तिच्या फीसाठी सरकारी अनुदान व करसवलत मिळाली. कृष्णवर्णीय मुलांपैकी काही नातेवाइकांकडे परगावी गेली, पुष्कळ घरीच राहिली. पाच वर्षं. पहिलीत जायच्या वयाचं मूल थेट अकरा वर्षांचं झालं.

१९६४ च्या ‘ग्रिफिन’ निकालात न्यायालय म्हणालं, राज्यभर सरकारी शाळा चालू असताना एका काउंटीने केवळ वर्णाच्या कारणाने त्या बंद ठेवणं आणि खासगी शाळांना पैसा पुरवणं घटनाबाह्य आहे. गरज पडली तर शाळा उघडण्यासाठी कर लावायचा आदेशही फेडरल न्यायालय देऊ शकतं.

११. कुणालाही कुठलीही शाळा निवडायची मोकळीक दिली तर वर्णभेद संपतोच ना?

सगळ्यांत जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि दिसतो तितका भोळा नाही. १९६० च्या दशकात दक्षिणेतल्या बऱ्याच जिल्ह्यांनी हीच योजना आणली.

व्हर्जिनियाच्या न्यू केंट काउंटीत दोनच शाळा होत्या, एक गोऱ्यांची, एक कृष्णवर्णीयांची. दोन्ही समाजांची वस्ती काउंटीभर मिसळलेली, त्यामुळे दोन शाळांच्या बस एकाच रस्त्यावरून एकमेकींना ओलांडत. निवडीची मोकळीक दिल्यावर तीन वर्षांत एकाही गोऱ्या मुलाने कृष्णवर्णीयांची शाळा निवडली नाही आणि ८५ टक्के कृष्णवर्णीय मुलं जिथे होती तिथेच राहिली. घरमालक आणि नोकरी देणारे गोरे असताना मुलाचं नाव गोऱ्यांच्या शाळेत घालायला किती पालक धजणार?

२७ मे १९६८ च्या ‘ग्रीन’ निकालात न्यायालयाने ओझं उलट खांद्यावर टाकलं. दुहेरी व्यवस्था मंडळाने उभी केली, ती मुळापासून उखडण्याचं कामही मंडळाचंच. ते मुलांवर आणि आईबापांवर ढकलता येणार नाही. फक्त दार उघडं ठेवणं पुरेसं नाही, परिणाम दिसला पाहिजे, आणि आत्ता. आम्ही १९६८ ला खरी कलाटणी मानतो ती यासाठी. १९६९ च्या ‘अलेक्झांडर’ निकालाने उरलीसुरली मुदतही काढून घेतली.

१२. मग आकडे कधी बदलले? न्यायालयाने की संसदेने बदलले?

दोघांनी मिळून, आणि पैशाने. १९६४ मध्ये दक्षिणेत गोऱ्यांची बहुसंख्या असलेल्या शाळेत शंभरातली जेमतेम दोन कृष्णवर्णीय मुलं होती. त्याच वर्षी नागरी हक्क कायदा झाला: भेदभाव करणाऱ्या संस्थेला केंद्राचा पैसा मिळणार नाही, आणि सरकार स्वतः शाळामंडळांवर दावे लावू शकेल. १९६५ मध्ये केंद्राने शाळांसाठी मोठा निधी सुरू केला. तोवर ‘पैसा मिळणार नाही’ ही धमकी पोकळ होती, कारण पैसा फारसा नव्हताच. १९६८ पर्यंत तो आकडा शंभरात २३ झाला, १९८८ मध्ये सुमारे ४३. तो कळस. त्यानंतर उतार लागला.

१९७१ च्या ‘स्वान’ निकालात शार्लट शहरासाठी, शाळा मिश्र व्हाव्यात म्हणून बसने मुलांना दूरच्या शाळेत पाठवायला मान्यता मिळाली. बसवरून नंतर एवढा गदारोळ झाला की लोकांना बस तेवढी आठवते. बोस्टनमध्ये १९७४ साली कृष्णवर्णीय मुलांच्या बसवर दगड पडले.

१३. उत्तरेत असा कायदाच नव्हता. तरी तिथे शाळा वेगळ्या कशा?

वस्त्या वेगळ्या, म्हणून शाळा वेगळ्या. न्यायालयाने दोन प्रकार मानले: सरकारने घडवलेलं विभाजन आणि आपोआप झालेलं. पहिल्यावर इलाज सांगता येतो, दुसऱ्यावर नाही. १९७३ च्या डेन्व्हरच्या निकालात मंडळाने हद्दी आखताना केलेली चलाखीही पहिल्या प्रकारात धरली गेली.

पण १९७४ च्या ‘मिलिकन’ निकालात ५ विरुद्ध ४ मतांनी गाडं अडलं. डेट्रॉइटच्या शाळा एकत्र करायच्या तर भोवतालच्या ५३ उपनगरी जिल्ह्यांना सामील करायला हवं होतं. त्या जिल्ह्यांचा स्वतःचा दोष सिद्ध होत नाही तोवर त्यांना ओढता येणार नाही, असं बहुमत म्हणालं. ज्यांना शहर सोडणं परवडलं, त्यांच्यासाठी जिल्ह्याची हद्द हीच भिंत झाली. २० वर्षांपूर्वी वकील म्हणून जिंकलेले थर्गुड मार्शल आता न्यायाधीश होते, आणि विरोधी मत त्यांनी लिहिलं.

१४. खासगी शाळांना हे लागू होतं का?

ब्राउन निकाल थेट लागू होत नाही, कारण १४वी घटनादुरुस्ती सरकारला बांधते. पण १९७६ मध्ये ‘रनियन’ निकालाने १८६६ च्या जुन्या नागरी हक्क कायद्याखाली खासगी शाळांनाही वर्णावरून प्रवेश नाकारायला मनाई केली, आणि १९८३ मध्ये वर्णभेदी नियम असलेल्या बॉब जोन्स या खासगी विद्यापीठाची करमाफी काढून घेणं वैध ठरलं.

१५. मेक्सिकन, चिनी किंवा आपल्यासारख्या मुलांचं काय होत असे?

एकसारखा नियम नव्हता. १९२७ मध्ये मिसिसिपीतल्या एका चिनी कुटुंबाच्या मुलीला ‘गोरी नाही’ म्हणून गोऱ्यांच्या शाळेतून बाहेर काढणं सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं. कॅलिफोर्नियात मेक्सिकन वंशाच्या मुलांना वेगळं बसवत. १९४६-४७ च्या ‘मेंडेझ’ खटल्यात ते बंद पडलं आणि राज्याने वेगळ्या शाळांची कलमंच रद्द केली. त्या विधेयकावर सही करणारे गव्हर्नर होते अर्ल वॉरन (प्रश्न ७). मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने गेली ती १९६५ च्या स्थलांतर कायद्यानंतर, म्हणजे सक्तीच्या वेगळ्या शाळा मोडीत निघत असताना.

१६. कृष्णवर्णीय शिक्षकांना फायदा झाला असेल ना?

उलट. शाळा एकत्र करताना बहुधा कृष्णवर्णीयांची शाळा बंद झाली आणि हजारो शिक्षक, मुख्याध्यापक घरी बसले किंवा खालच्या पदावर गेले. टोपेकाच्या अधीक्षकांनी तर १९५३ मध्येच काही कृष्णवर्णीय शिक्षकांना कळवलं होतं की वेगळ्या शाळा गेल्या तर तुमचा करार पुढे चालू ठेवता येणार नाही. या निकालाचा हा भाग पाठ्यपुस्तकांत क्वचितच येतो.

१७. आपल्याकडे अस्पृश्य मुलांना शाळेत घेत नसत, त्याच्याशी याची तुलना करावी का?

करावी, पण जपून. १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारला गेला आणि मुंबई सरकारनेही त्याचा अर्ज फेटाळला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वांच्या शाळेत घ्यायचा हुकूम काढला, ब्राउनच्या ३५ वर्षं आधी. आपल्या घटनेचं कलम २९(२) सरकारी किंवा अनुदानित संस्थेत वंश वा जातीवरून प्रवेश नाकारायला मनाई करतं. ते १९५० चं. दोन्ही लढ्यांची एकमेकांना ओळखही होती. डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून कृष्णवर्णीयांच्या संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली होती.

फरक असा की आपल्याकडे मनाई घटनेतच लिहिलेली होती, तिथे न्यायालयाला ती समान संरक्षणाच्या एका वाक्यातून काढावी लागली.

१८. आज शाळा मिश्र ठेवण्यासाठी मुलाचा वर्ण पाहून प्रवेश देता येतो का?

स्वतःहून नाही. २००७ मध्ये सिअ‍ॅटल आणि लुइव्हिलच्या योजना ५ विरुद्ध ४ मतांनी रद्द झाल्या. गंमत म्हणजे दोन्ही बाजूंनी ब्राउनचाच आधार घेतला: एकीने “मुलांचा वर्ण पाहू नका” म्हणून, दुसरीने “मुलांना एकत्र आणा” म्हणून. हद्दी आखणं, नव्या शाळेची जागा ठरवणं, कुटुंबाचं उत्पन्न पाहणं हे मार्ग उघडे आहेत. जुना न्यायालयीन आदेश चालू असेल तर गोष्ट वेगळी (पुढचा प्रश्न).

१९. अजून कुठे जुने खटले चालू असतात का?

हो. ज्या जिल्ह्याने जुनी दुहेरी व्यवस्था पूर्ण मोडली असं न्यायालय मानत नाही, तो आदेशाखालीच राहतो. १९९१ च्या ओक्लाहोमा सिटीच्या निकालानंतर सुटका सोपी झाली. ब्राउनचं टोपेका मात्र १९७९ मध्ये पुन्हा न्यायालयात आलं. या वेळी लिंडा पालक म्हणून उभी होती. ते प्रकरण १९९९ मध्ये मिटलं. मिसिसिपीतल्या क्लीव्हलँड गावी रेल्वेमार्गाच्या दोन बाजूंना दोन हायस्कूलं होती. ती एकत्र करा, असा फेडरल न्यायालयाचा आदेश मे २०१६ मध्ये निघाला. तो खटला १९६५ साली दाखल झाला होता.